सात टक्के लयमेळ

मानवजातीच्या इतिहासात असे क्षण तीनच आले, की ज्यांनंतर माणसाला स्वतःकडे पूर्वीच्या नजरेने पाहताच येईना. पृथ्वी विश्वाच्या मध्यभागी नाही हे कळलं, तो पहिला. आपण माकडांचे नातलग आहोत हे कळलं, तो दुसरा. तिसरा क्षण २०३७ सालच्या नवरात्रात, मिरजेत, स्टेशनजवळच्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात दुपारी सव्वाबारा वाजता आला. त्या वेळी शिरीष तासगावकर दुकानातल्या एसीच्या बरोब्बर खाली कुठे उभं राहता येईल, ते बघत होते.

तासगावकर चार महिन्यांपूर्वी कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाले होते. प्रयोगशाळा सहायक, चौतीस वर्षं. प्राध्यापक बदलत, अभ्यासक्रम बदलत. नादकाट्यांची पेटी आणि तासगावकर तेवढे तेच. मुलं त्यांना 'सर' म्हणत आणि प्राध्यापक 'तासगावकर, जरा बघता का हो' म्हणत. निवृत्तीनंतर डॉक्टरांनी सांगितलं, की रोज चाला आणि किती चाललात ते मोजा. चालण्याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. मोजणं तर आवडीचंच. प्रश्न एवढाच होता, की कशाने.

"पट्टी दाखवू की घड्याळ?" काउंटरवरच्या मुलीने विचारलं. तिच्या छातीवरच्या बिल्ल्यावर 'रुबिना' असं लिहिलं होतं.

"फरक काय?" तासगावकरांच्या पत्नीने, उज्ज्वलाने विचारलं. ती मिरजेतल्याच एका हॉस्पिटलातून मेट्रन म्हणून निवृत्त झाली होती आणि समोरच्याने लांबण लावायच्या आत मुद्द्यावर येण्याची तिला सवय होती.

"पट्टी पावलं मोजते, नाडी मोजते, झोप मोजते आणि गप्प बसते. नाडी सापडली नाही, तर दोन आडव्या रेघा दाखवते. चार्जिंग दहा दिवसांतून एकदा. घड्याळ हे सगळं करतं, शिवाय त्याचा अर्थ सांगतं. चार्जिंग रोज."

"अर्थ म्हणजे?"

"म्हणजे पट्टी म्हणेल, नाडी शंभर. घड्याळ म्हणेल, काका, तुम्ही चिडलाय."

"ते मी फुकट सांगते," उज्ज्वला म्हणाली.

"आणि नाडी सापडली नाही तर घड्याळ काय दाखवतं?" तासगावकरांनी विचारलं. उपकरण चुकतं कुठे, हे आधी विचारायचं, ही त्यांची जुनी शिस्त.

"अंदाज करतं. रेघा नाही दाखवत. महाग आहे ना, काका."

हे उत्तर तासगावकरांनी नंतर आठवायला हवं होतं. पण रुबिनाने लगेच पुढचं सांगितलं आणि ते ऐकून ते एसी विसरले. यंदाच्या 'स्पंदन' घड्याळात लयमेळ नावाची नवी सोय होती.

लयमेळ समजायला नादकाटा पुरतो. सारख्या वारंवारतेचे दोन नादकाटे जवळ ठेवून एक वाजवला, की न वाजवलेला दुसराही गुणगुणायला लागतो. हा प्रयोग तासगावकरांनी चौतीस वर्षं करून दाखवला होता आणि दर वर्षी मागच्या बाकावरचं एक तरी पोरगं 'सर, पुन्हा' म्हणालं होतं. माणसांचंही थोडंफार असंच होतं. दोघं जण पुष्कळ वेळ एकमेकांच्या सहवासात असले, की त्यांचे श्वास आणि श्वासांमागून हृदयाचे ठोके हळूहळू एका चालीवर येऊ लागतात. हे संशोधकांना माहीत होतं, पण ते पकडायला छातीवर तारा चिकटवून खोलीत डांबावं लागे. आता घड्याळ तीन मीटरच्या आतल्या कुठल्याही पट्टीशी किंवा घड्याळाशी परस्पर बोलायचं, दोन्हीकडची नाडी शेजारी शेजारी मांडायचं आणि शंभरापैकी आकडा सांगायचं. कुणाच्या सहवासात तुमचं हृदय निवांत होतं, त्याचा आकडा.

सोबतच्या पुस्तिकेत खुलासा होता. साठच्या वर लयमेळ असलेल्या व्यक्तीपासून दीर्घकाळ दूर राहिल्यास हृदयावर ताण येऊ शकतो. वीसच्या खाली असल्यास: 'सहवास ऐच्छिक'.

तासगावकरांनी घड्याळ घेतलं. उज्ज्वलाने पट्टी घेतली. "मला पावलं कळली की बास," ती म्हणाली. "अर्थ लावायला माणसं आहेत घरात."

घरात एकच माणूस होतं, आणि त्याला सध्या एका गोष्टीचा अर्थ लागत नव्हता. रत्नागिरीजवळच्या एका नव्या नर्सिंग कॉलेजाने उज्ज्वलाला दोन वर्षांसाठी शिकवायला बोलावलं होतं. तिने हो म्हटलं होतं. आता एक फॉर्म भरून पाठवायचा होता आणि त्यात निवासाचे दोन चौकोन होते: वसतिगृहातली खोली, एका व्यक्तीसाठी, किंवा क्वार्टर, कुटुंबासाठी. उत्तर दसऱ्यापासून दहा दिवसांत हवं होतं.

"तुम्ही येणार असाल तर क्वार्टर लिहिते, नाही तर खोली," तिने सांगितलं होतं. "माझी जबरदस्ती नाही."

तासगावकर 'बघू' म्हणाले होते. एकतीस वर्षांच्या संसारात त्यांनी बहुतेक प्रश्नांना हेच उत्तर दिलं होतं आणि बहुतेक प्रश्न त्याने सुटलेही होते. हा सुटेना. तिने जबरदस्ती केली असती, तर त्यांना बरं वाटलं असतं. मिरज, वाचनालय, मैदानावरचं चालणं, हे सगळं सोडून साठीच्या तोंडावर बायकोच्या क्वार्टरमध्ये जाऊन आपण करायचं काय? आणि मुख्य म्हणजे तिला आपण तिथे हवे आहोत का? 'जबरदस्ती नाही' याचा अर्थ दोन्हीकडून निघत होता. अशा वेळी आकडा असलेला बरा.

खंडेनवमीला घड्याळाची आणि पट्टीची रीतसर पूजा झाली. नवी वस्तू पूजेआधी वापरायची नाही, हा उज्ज्वलाचा नियम; पूजा मी करणार, हा तासगावकरांचा. प्रयोगशाळेत दर खंडेनवमीला पोरं उत्साहाच्या भरात वर्णपटमापकाला कुंकू फासत आणि तासगावकर ओरडत, "भिंगाला नको! भिंग सोडून कुठेही लावा!" त्याच काळजीने त्यांनी घड्याळ पाटावर पालथं ठेवलं, काचेला काही लागू नये म्हणून, आणि पाठीवर मधोमध घसघशीत टिळा लावला. कुंकू बाटलीतलं होतं, 'घामाने न जाणारं'. पट्टीला त्यांनी पट्ट्यावरच एक ठिपका दिला, कारण ती स्वस्तातली होती.

दुसऱ्या दिवशी घड्याळ मनगटावर चढलं. पाठीवरचा टिळा तसाच राहू दिला. पूजेचं कुंकू आपण होऊन पुसायचं नसतं, एवढं त्यांनाही कळत होतं.

मैदानावर त्यांच्याबरोबर रावसाहेब चौगुले चालत. पाटबंधारे खात्यातून निवृत्त, सहा फूट, आवाज मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असा. दोघांचं चार महिने एका विषयावर भांडण चाललं होतं: मैदानाची एक फेरी किती मीटर. तासगावकर म्हणत तीनशे ऐंशी. चौगुले म्हणत चारशे.

"मी कॅनॉल मोजलेत, सर. फेरी काय सांगताय मला?"

"कॅनॉल सरळ असतो. वळणावर तुमचा हिशेब चुकतो."

"कॅनॉल सरळ असतो? कधी बघितलाय का कॅनॉल?"

दोघंही कॉलेजात असताना एनसीसीत होते. त्यामुळे तोंडं विरुद्ध दिशेला असली, तरी डावा पाय डाव्यासोबत आणि उजवा उजव्यासोबत पडे. चौगुल्यांना मुलाने पट्टी पाठवली होती. ती ते पूर्ण बाह्यांच्या जर्सीवरून बांधत, लोकांना दिसावी म्हणून.

तिसऱ्या फेरीला तासगावकरांचं घड्याळ थरथरलं. नाडी: एकशे बारा. लयमेळ, चौगुले यांच्याशी: त्र्याण्णव. खाली हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं, 'या व्यक्तीचा सहवास जपा.'

तासगावकर थांबले. चौगुलेही थांबले आणि त्यांनी वाकून वाचलं.

"आता वो?" ते म्हणाले. "म्हणजे राखी बांधू काय तुम्हाला?"

"यंत्रात काहीतरी चूक असेल."

"चूक कशाला असेल? मला पण तुमच्याशी भांडल्याशिवाय चहा गोड लागत नाही." मग त्यांना काहीतरी आठवलं. "वहिनींबरोबर किती आलं?"

वहिनींबरोबर सात आलं.

तासगावकर एका वाचनावर विश्वास ठेवणाऱ्यांपैकी नव्हते. एक वाचन ही अफवा असते, हे त्यांनी कित्येक मुलांच्या जर्नलांवर लाल शाईने लिहिलं होतं. त्यांनी एक वही केली. सकाळी चहाच्या वेळी उज्ज्वलाशेजारी वीस मिनिटं: सात. टीव्हीसमोर: सहा. टीव्ही बंद करून: सात. दुपारी तिच्या खुर्चीजवळ खुर्ची ओढून पेपर वाचताना: नऊ. हा नऊ त्यांना आशादायक वाटला. पण त्या वेळी पंखा तीनवर होता आणि पंखा दोनवर केल्यावर पुन्हा सात आला. बाहेरचे सगळे घटक त्यांनी एकेक करून काढून टाकले. शेवटी उरले फक्त ते दोघं आणि सात.

"आज काय भाजी निवडायला बसलात?" चौथ्या दिवशी उज्ज्वलाने विचारलं.

"असंच."

"देठं काढायची असतात, पानं नाही. इकडे द्या ती मेथी."

मग ती आपण होऊन बोलायला लागली. कॉलेजाच्या मागे म्हणे समुद्र दिसतो. मुली चिपळूण, देवरुखहून येणार आहेत, बऱ्याचशा घरातून पहिल्यांदाच बाहेर पडलेल्या. तिला पहिल्या वर्षाला नाडी बघायला शिकवायचं आहे, तीन बोटांनी, कारण आता कुणाला ते येतच नाही. तासगावकर ऐकत होते आणि डाव्या डोळ्याने आकडा बघत होते. सात. बाई एवढी मनापासून बोलते आहे, आपल्यालाही ऐकावंसं वाटतं आहे, आणि आत हृदय मात्र ऐच्छिक.

दुसऱ्या दिवशी उज्ज्वलाने बाजारातून गवार आणली. दोन किलो. दोघांच्या घरात दोन किलो गवार कशाला, हे त्यांनी विचारलं नाही. ते वीस मिनिटांचं वाचन घ्यायला शेजारी बसले. ती शिरा ओढताना गुणगुणत होती. ती गुणगुणते, हे ते विसरूनच गेले होते.

दहाव्या दिवशी दुपारी उज्ज्वला फॉर्म घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसली. "आज पाठवायचाय," ती म्हणाली.

"खोली लिही," तासगावकर म्हणाले.

"बरं." तिने पेन उघडलं, पण लिहिलं नाही. "कारण विचारू?"

"शास्त्रीय आहे."

"मग विचारतेच."

त्यांनी वही पुढे केली. तोंडाने सांगणं त्यांना जमलं नसतं. तिने चष्मा लावला आणि हॉस्पिटलातला तापाचा तक्ता वाचावा तशी ती पानं वरून खाली वाचली.

"हे सात म्हणजे दहापैकी?"

"शंभरापैकी."

"आणि हे त्र्याण्णव कोण?"

"चौगुले."

उज्ज्वला हसली नाही. ती हसली असती, तर बरं झालं असतं, असं तासगावकरांना वाटलं. "माझं हृदय तुझ्याशी जुळत नाही, की तुझं माझ्याशी, ते कळायला मार्ग नाही," ते म्हणाले. "पण तुला दोन वर्षं उगाच माझं ओझं नको. तू जबरदस्ती नाही म्हणालीस, ते बरोबरच होतं."

"म्हणजे गेले दहा दिवस तुम्ही सारखे माझ्या शेजारी येऊन बसत होतात, ते हे मोजायला?"

"हो."

"मला वाटलं..."

"काय?"

"काही नाही. गवार उगाच आणली."

तिने पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. स्वयंपाकघरात फ्रिजने दूध संपत आल्याची सूचना दिली आणि कुणीच ऐकलं नाही.

"हात द्या," ती एकदम म्हणाली. "ते घड्याळ काढून."

त्यांनी घड्याळ काढलं. तिने त्यांचा हात टेबलावर उताणा ठेवला, अंगठ्याच्या मुळाशी तीन बोटं टेकवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली. पूर्ण एक मिनिट. या एका मिनिटात तासगावकरांच्या लक्षात आलं, की तिच्या बोटांची टोकं गार असतात. हे त्यांना माहीत होतं. फार वर्षांत आठवलं नव्हतं.

"अठ्ठ्याऐंशी. तुमचं यंत्र काय म्हणत होतं?"

"एकाहत्तर. घरी ते कायम एकाहत्तरच म्हणतं."

"कायम? जिना चढलात तरी?"

"कायम."

"कायम एकच नाडी असलेला माणूस मी तीस वर्षांत एकदाच बघितला. त्याच्या छातीत मशीन बसवलेलं होतं." ती अजून त्यांच्या मनगटाकडे बघत होती. "आणि हे लाल काय? पुरळ आहे का? खाजतं?"

मनगटावर रुपयाएवढा लालसर गोल उमटला होता. तिने त्यावरून बोट फिरवलं, मग घड्याळ उचलून पालथं केलं. पाठीच्या मधोमध एक छोटी काच होती. काचेखाली हिरवा दिवा लुकलुकत होता, निदान लुकलुकत असावा. वर खंडेनवमीचा टिळा छान वाळून बसला होता.

"अहो," उज्ज्वला म्हणाली, "याचा डोळा खालच्या बाजूला असतो का?"

तासगावकरांनी वाकून पाहिलं. त्यांना एकाच वेळी सगळं दिसलं आणि ते प्रयोगशाळेत असते, तर त्यांनी स्वतःला वर्गाबाहेर उभं केलं असतं.

घड्याळ नाडी बघतं ते हिरव्या प्रकाशाने. रक्त लाल, आणि लाल पदार्थ हिरवा प्रकाश गिळतो. प्रत्येक ठोक्याला मनगटात रक्त थोडं जास्त येतं, हिरवा प्रकाश थोडा कमी परत येतो; हा चढउतार मोजला, की झाली नाडी. पण वाटेतच लाल कुंकवाचा थर असला, तर हिरवा प्रकाश रक्तापर्यंत पोचतच नाही. तो कुंकूच पिऊन टाकतं. मग घड्याळ अंदाज करतं. घरी बसल्या माणसाला एकाहत्तर देतं, दिवसभर, न मागेपुढे होता. आणि अशा मख्ख रेघेशी जिवंत बाईची नाडी कशी जुळणार? मैदानावर मात्र त्याला एक ठेका सापडतो, हात हलण्याचा, पाऊल पडण्याचा. तो त्याने धरला. मिनिटाला एकशे बारा. ती नाडी नव्हतीच. ती एनसीसीची चाल होती. चौगुल्यांची पट्टी जर्सीवरून बांधलेली, तिलाही हाच ठेका नाडी वाटला, म्हणून रेघा न दाखवता तिनेही तीच चाल धरली. कातडीला न टेकलेल्या दोन यंत्रांचं त्र्याण्णव टक्के एकमत झालं होतं.

हे त्यांनी उज्ज्वलाला सांगितलं, एकही पायरी न गाळता. ती तोवर स्पिरिटचा बोळा घेऊन घड्याळाची पाठ पुसत होती. बाटलीवर लिहिलेलं खरं होतं. घामाने ते जाणारं नव्हतंच.

"म्हणजे तुमचं आणि चौगुल्यांचं हृदय..."

"पाय," तासगावकर म्हणाले. "फक्त पाय जुळत होते."

आता ती हसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, आणि मधेच थांबून तिने फॉर्म त्यांच्यासमोर सरकवला. "आता यंत्राशिवाय सांगा. खोली की क्वार्टर?"

चौतीस वर्षांत त्यांनी उपकरणाशिवाय एकही निष्कर्ष लिहिला नव्हता. ते फॉर्मकडे बघत राहिले. मग म्हणाले, "गवार किती उरलीय?"

"किलोभर असेल."

"ती तुझ्याच्याने एकटीने निवडून होणार आहे का?"

"रत्नागिरीत कुठली ही गवार?"

"तिकडे दुसरं काहीतरी असेलच की निवडायला," तासगावकर म्हणाले. "मला बसायला आवडत होतं. वही नसती, तरी बसलो असतो. म्हणजे, बसायला हवं होतं. तुला मी तिथे हवा आहे का?"

"एकतीस वर्षांत पहिल्यांदा विचारलंत."

"मग?"

"बघू," उज्ज्वला म्हणाली, आणि दुसऱ्या चौकोनात खूण केली.

तासगावकरांनी चौगुल्यांना फोन लावला. बातमी ऐकून चौगुल्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "जावा की," ते म्हणाले. "मी काय धरून ठेवलंय? पण जायच्या आधी टेप आणा. फेरी मोजूनच जायचं."

तासगावकरांनी स्वच्छ झालेलं घड्याळ मनगटावर बांधलं. वापरायचं नाही असं ठरवलं होतं. पण शुद्ध उपकरणाने एक तरी वाचन घेतल्याशिवाय प्रयोग बंद करणं त्यांच्या तत्त्वात बसेना. ते उज्ज्वलाच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. ती फॉर्मवर सही करत होती. पंखा दोनवर होता. विसाव्या मिनिटाला घड्याळ थरथरलं. नाडी: ब्याऐंशी. लयमेळ, उज्ज्वला यांच्याशी: एक्क्याण्णव. 'या व्यक्तीचा सहवास जपा.'

त्यांनी तो आकडा तिला दाखवला. "बघा," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा उजळला, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. मग त्यांनी वहीत नोंद केली: दुपारी चार वाजून दहा मिनिटं, उपकरण स्वच्छ, लयमेळ एक्क्याण्णव. खाली 'सिद्ध' असं लिहून दोनदा अधोरेखित केलं आणि वही कायमची मिटली.

उज्ज्वलाची पट्टी, दहावा दिवस असल्यामुळे, सकाळपासून पलीकडे स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेली होती, दोन आडव्या रेघा दाखवत.